दुसऱ्या बाजूची तिसरी चीज

दाभोळच्या धक्क्यावर मी इंजिनं खोलतो.
संगीतातलं मला विचारू नका.
पण चारांतला कुठला सिलिंडर रुसलाय
ते लाँच खाडीच्या तोंडाशी असतानाच सांगतो,
हातातला चहा खाली न ठेवता.

म्हणूनच गनीचाचांनी ती तबकडी मला दिली असेल.
अब्दुलगनी सारंग. एकतीस वर्षं जहाजावर.
आडनाव सारंग, हुद्दाही सारंग,
आणि त्या नावाचा राग असतो म्हणे,
तो त्यांनाही ठाऊक नव्हता, मलाही नाही.
रॉटरडॅमच्या गोदीबाहेर, हातगाडीवर,
सिगारेटच्या एका पाकिटाला आठ तबकड्या.
सात त्यांनी एडनला विकल्या.
ही कुणी घेतली नाही.

वेष्टणावर चार माणसं
बंद दुकानाच्या पायरीवर बसलेली,
शेवटची फेरी चुकल्यासारखी.
सॅक्सोफोनवाल्याचं नाव मोठं,
पियानोवाल्याचं त्याखाली,
ड्रमवाल्याचं आणखी बारीक,
आणि डबल बेसवाल्याच्या नावावर
नेमकी वाळवी जेवून गेलेली.

चाचा म्हणायचे, "आयक बाला,
तो वाळवीवाला आयक."

मी आधी बाकीचेच ऐकले.
पियानोवाला मोजकं बोलतो,
उधारी न देणाऱ्या वाण्यासारखा.
ड्रमवाला काठ्या बाजूला ठेवून
तारेच्या कुंचल्यांनी सुपात तांदूळ पाखडतो
आणि दर खेपेला किंचित उशिरा येतो.
मिसफायर नाही तो. मी खात्री करून घेतलीय.
भरलेली होडी धक्क्याला लागताना
दोर आधी सैल पडतो, मग ताणतो,
तेवढाच उशीर.

एकदा फेरीबोट बंद पडली तेव्हा
गुहागरला निघालेले पुण्याचे एक गृहस्थ दुकानात टेकले.
जाणकार होते. दोन चिजा ऐकल्या, म्हणाले,
"ठीक आहे. पण यांचं आधीचं ऐका. ते खरं."
नंतर मी मिळवून ऐकलंही आधीचं.
चांगलं आहे. नव्या इंजिनासारखं,
कुठे काही अडत नाही, कुठे काही भाजतही नाही.
हे जे आहे ना,
ते दहा पावसाळे समुद्रात काढल्यावरचं आहे.
पण हे मला सुचेपर्यंत फेरीबोट सुटली होती.

दुसऱ्या बाजूची तिसरी चीज मात्र
आमच्याकडे कधीच पुरी नव्हती.
बिस्केच्या वादळात पेटी आदळली, चरा पडला.
वाजवायचं यंत्र चाचांनी घेतलं ते घरी परतल्यावर,
म्हणजे त्यांनीही ती पहिल्या दिवसापासून तुटकीच ऐकली.
सॅक्सोफोन चढत जातो, चढत जातो,
आणि सुई उडी मारते.
चाचांचं बोटही गुडघ्यावर तिथेच उडी मारायचं,
बरोब्बर, कधी चुकलं नाही.

त्यांच्या चाळिसाव्यानंतर
कतारहून नातवानं, मुदस्सरनं,
तीच चीज फोनवर धाडली. अख्खी.
मी धोपाव्याकडे निघालो होतो, बोटीच्या कठड्याला टेकून,
एका कानात यंत्राची धडधड, दुसऱ्यात हे.

सॅक्सोफोन चढला,
आणि तिघेही थांबले.

अकरा सेकंद फक्त तो.
वाळवीवाला.
ओहोटीच्या चिखलात माणूस पाऊल टाकतो तसा,
आधी अंदाज, मग भार.
एक सूर घसरला त्याचा. त्यानं तो सोडला नाही,
पुन्हा त्याच जागी जाऊन उभा राहिला.
खोलीत कुणीतरी हलकेच हसलं.
मग सगळे आत आले.

चाचांनी हे कधी ऐकलं नव्हतं.
तरी चाळीस वर्षं सांगत होते.

रात्री घरी येऊन मी तबकडी लावली.
सुईनं उडी मारली, नेहमीच्या जागी.
या वेळी मारताना
खाली पाणी दिसलं.

सकाळी वेलदूरची लाँच आली, अजून लांब होती.
तिसरा सिलिंडर.
मी चहा खाली ठेवला.