साबणाची रेघ

नाना पेठेत, टायरवाल्यांच्या मागच्या बोळात
इलाही शिकलगारचं मशीन शॉप.
आजोबा दारोदार विळ्या-कात्र्यांना धार लावायचे,
हा इंजिनाची हेडं घासतो.
मिलीमीटरचे शंभर भाग करतो
आणि त्यातल्या पाचांसाठी गिऱ्हाइकाशी भांडतो.

माझ्या गाडीचं हेड दोन पोत्यांवर उताणं.
वीस व्हाल्व, चार खोल्या.
टर्बोची शिट्टी ऐकून एकेकाळी
सिग्नलला पोरं वळून बघायची.
आता ऑइलचं पियुष झालेलं,
रोज तांब्याभर पाणी कमी
आणि खाली फरशी कोरडी ठणठणीत.
पाणी जातं कुठे, मी विचारत राहिले.
"पितेय ती. पिऊन जाळतेय."

सिंहगड रोडचा विश्राम म्हणाला होता,
ताई, भंगारात द्या,
हेडच्या पैशात नवी स्कूटर येईल.

इलाहीने लाल रंग फासला, पुसला,
वरून पांढरी पावडर फवारली.
चहा आला. एकाच बशीत दोघांनी बिस्किटं बुडवली.
मग तिसऱ्या खोलीत,
एक्झॉस्टच्या दोन सीटांमधून
एक लाल केस वर आला.
एवढाच. नखालासुद्धा लागेना.

"किती तापवलीत?"
"जरा."
"जरा?"
तेवढ्यात कॉम्प्रेसर बंद पडला.

साताऱ्याला सह्या करून परत येत होतो,
मी आणि जयवंत.
वडिलांचा प्लॉट सव्वा तासात विकून झाला होता.
वेळ्यापासून काटा चढत होता.
मी पाहिला. त्यानेही पाहिला,
मान न वळवता, जसा लहानपणी
माझ्या ताटातला लाडू पाहायचा.
चढावर काटा लाल पट्टीत गेला.
तो बोलेल म्हणून मी थांबले.
मी बोलेन म्हणून तो.
बोगद्यात दिवे एकेक करून काचेवरून सरकले,
आणि बाहेर पडलो तेव्हा
बॉनेटखालून वाफ.

हे इलाहीला सांगितलं नाही. म्हटलं,
"काटा बिघडलेला असावा."
त्याने माझ्याकडे नाही, हेडकडे पाहिलं.

तो आधी भेग खोदतो.
बारीक बरने, टोकापर्यंत,
टोकाच्याही पुढे तांदळाच्या दाण्याएवढं.
"अर्धी ठेवली तर वेल्डिंग म्हणजे नुसतं झाकण.
खालून चालतच राहते."
चांगला धातू इतका कोरून काढलेला बघवेना.
मी बोळात जाऊन उभी राहिले.
समोर एकजण जुन्या हेडलाइटी
ओल्या फडक्याने पुसत बसला होता.

भट्टीतून हेड काढलं तेव्हा
त्याने पाच रुपयांच्या साबणाची वडी घेतली
आणि धातूवर एक रेघ ओढली.
"लोखंड लाल होऊन सांगतं.
अ‍ॅल्युमिनियम सांगत नाही, ताई.
आहे तसंच दिसतं, दिसतं,
आणि एकदम ढासळतं.
म्हणून साबण. रेघ काळी पडली की टॉर्च लावायचा."
रेघ पिवळी झाली. तपकिरी.
आम्ही दोघं वाकून बघत होतो.
काळी.

नंतरचं काम माझ्यासमोर झालं नाही.
सीट बसवल्या, तळ घासला,
गरम पाण्यात बुडवून हवा भरली.
विश्रामने कुरकुरत बसवलं.
नवे बोल्ट, कारण जुने एकदा ताणले की
त्यांचा भरवसा नाही.
मधल्यापासून बाहेर, गोल गोल,
आधी चाळीस, मग साठ,
मग पाव वळण, अजून पाव.
कूलंटच्या टाकीत अर्धा तास बघत बसला.
एकही बुडबुडा नाही.
"स्कूटर आली असती," तरीही म्हणाला.

बिलाचा फोटो जयवंतला पाठवला.
दोन निळ्या खुणा. बस.

रविवारी पहाटे जुन्या कात्रज घाटात नेली.
दुसऱ्या वळणानंतर शिट्टी आली,
थोडी घोगरी.
शेजारच्या सीटवर इलाहीने परत दिलेली
साबणाची वडी, कागदात.
का दिली कोण जाणे, मी पैसे भरले म्हणून असेल.
चढ लागला तशी मी
रिकाम्या सीटकडे न बघता
मोठ्याने म्हणाले:
नव्वद.
पुढच्या वळणावर परत: नव्वद.
मग: नव्वदच आहे.