चार नंबरची खोली

जानोरीच्या पॅकहाउसमध्ये रात्री सव्वादोनला
स्क्रीनवर एक ओळ अर्धवट उभी होती,
टोकाशी कर्सर,
मिचमिच, मिचमिच.

प्रोग्राम मेला नव्हता.
मेला असता तर बोंब झाली असती,
लाल दिवा लागला असता,
बोरस्तेकाका चहा टाकून धावले असते.
तो नुसता वाट बघत बसला होता मंगळवारपासून,
चार नंबरच्या खोलीतला सेन्सर काही बोलेल म्हणून,
आणि त्याच्या मागे पाच, सहा, सात
आपापलं तापमान हातात धरून
रांगेत.

ज्या मुलाने तो लिहिला तो केव्हाच पुण्याला गेला.
विचारलं की उत्तर येतं,
असं धरून चालला होता बिचारा.

मी कमांडच्या आधी एक शब्द लावला, टाइमआउट,
आणि एक आकडा, तीस.
तीस सेकंद थांब.
मग सांग त्याला, आवर आता,
उघड्या फायली मीट, नीघ.
आणखी दहा सेकंदांनी तरी हलला नाही
तर मात्र सांगत बसायचं नाही.

तीसच का?
बरा वाटला आकडा.

पहिली फेरी.
एक, दोन, तीन: शून्य पॉइंट आठच्या आसपास.
चार: एकशे चोवीस.
"एकशे चोवीस डिग्री?" काका ताडकन उठले,
आत सातशे पेट्या थॉमसन, पहाटे पाचचा कंटेनर.
"नाही हो काका, वेळ संपली की तो हा आकडा टाकतो."
तोवर पाच, सहा, सात
भडाभडा बोलून मोकळे झाले होते.

दर पंधरा मिनिटांनी तेच.
एकशे चोवीस. एकशे चोवीस.
माझं काम झालं होतं. मी स्वेटरची बाही डोळ्यांवर ओढली.
काका म्हणाले, "गांगुर्डे,
तो बोलत नाही, का तू बोलू देत नाहीस?"

पावणेचारला आत गेलो.
बाहेर निफाडकडचं वारं, कानाची पाळी कापणारं;
आत त्याहून मुकी थंडी.
शेवटच्या थप्पीमागे सेन्सर, वायरीवर बर्फाची साय.
लॅपटॉप पेटीवर ठेवला,
मर्यादा न घालता हातानेच विचारलं.
काका घड्याळात बघून मोजत राहिले.
तीस.
काही नाही.
पस्तीस. चाळीस.
एक्केचाळीसला
शून्य पॉइंट नऊ.

म्हणजे तो मुका नव्हता.
मी त्याला अकरा सेकंद आधी गप्प करत होते,
अडीचपासून सहा वेळा.

आणि मंगळवारी?
मंगळवारी दुपारी वीज गेली होती, काकांना आठवलं.
विचारलेला प्रश्न तेव्हाच वाटेत हरवला असणार.
तीन दिवस एक जण उत्तराची वाट बघत होता,
दुसऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मर्यादा हवीच. ती मी काढली नाही.
तीस खोडून नव्वद केले.
कंटेनरचं दार लागल्याचा आवाज आला,
ड्रायव्हरने काकांकडे तंबाखू मागितली.
मग परत फाइल उघडली.
मीही जाईन कधी तरी पुण्याला,
माझ्या जागी जो येईल त्याला नव्वद जास्त वाटतील.
त्या ओळीच्या वर एक ओळ लिहिली,
मशीन जी वाचत नाही तसली:

चार नंबर हळू बोलतो. थांबा.