रुमालाखालचा भाव

आप्पा सांगायचे, पूर्वी सांगलीच्या हळदीच्या सौद्यात
तोंडानं भाव कुणी बोलत नसे.
दोन हात, वर एक रुमाल.
खरेदीदार बोटं दाबायचा :
तर्जनी धरली तर शंभर, अख्खी मूठ धरली तर पाचशे,
करंगळीचं अर्धं पेर कशाचं, ते मलासुद्धा सांगितलं नाही.
भोवती बाजार, राजापुरीचे ढीग, शिंका,
आणि कळायचं फक्त त्या दोन हातांना.
"कातडीला ऐकू येतं गं, त्रिशला."

मिरजेच्या इनामदार मॅडमनी माझ्या रिपोर्टच्या पाठीवर
पेनानं तोच सौदा काढला.
टीएसएच : शून्य पूर्णांक शून्य एक.
म्हणजे मेंदूच्या बुडाशी बसलेली पिट्युटरी
कित्येक महिने एक रुपयाही बोललेली नाही
आणि गळ्यातली ग्रंथी माल सोडतेय,
सोडतेय, काटा थांबत नाही.

मग रुमालाखाली हात कुणाचा?

"अँटिबॉडी. जात पहारेकऱ्याची. दिसेल त्या चोराला धरायचं.
तुमच्यात तिनं पेशीचा हात धरलाय, हुबेहूब टीएसएचसारखा.
रिसेप्टरला चेहरा दिसत नाही,
त्याला दाब कळतो."

तीन महिन्यांत नऊ किलो.
बायका म्हणाल्या, काय केलंस गं, आम्हालाही सांग.
पावतीवरचे माझे साताचे आकडे नागमोडी,
पौषातही पंखा पाचावर,
रात्री उशीत काळीज वाजतं, शेजारच्या घरातल्या गिरणीसारखं.

मग डोळे.
हमालांचा मुकादम हात जोडून म्हणाला, ताई, आमचं काय चुकलं?
मी बोलले नव्हते काही. नुसतं बघितलं होतं.
सासूबाई म्हणाल्या, माझ्यावर डोळे वटारू नकोस.
बँकेतल्या मुलीनं फोटो तीनदा काढला,
"मॅडम, नॉर्मल बघा ना."
नॉर्मलच बघत होते, बाई.

डोळ्याला डोळा लागला नाही, असं आई म्हणायची
कुणाच्या घोरानं जागलेल्या रात्रीबद्दल.
माझ्यात तो नुसता हिशेब आहे :
पापणीपासून पापणी दोन मिलिमीटर दूर.
झोपताना मायक्रोपोरची पट्टी लावते, पाकीट बंद करावं तशी.

डोळ्यामागेही म्हणे तोच रिसेप्टर असतो, थोडा,
आणि त्याला खेटून दुसरा एक, वाढीच्या कुठल्याशा संप्रेरकाचा.
एकाचं बोट दाबलं की दुसराही उठून उभा राहतो.
मग चरबी वाढते, स्नायू सुजतात.
खोबणीला चहूकडून हाड, दार एकच.
गोदाम भरलं की दारातलं पोतं रस्त्यावर येतं
तसा डोळा.

कृष्णेवर आता मला दोन आयर्विन पूल दिसतात,
एकावर बस जाते, दुसऱ्यावरही तीच बस, जरा तिरकी.
एक डोळा झाकला की महापालिकेचा खर्च वाचतो.

शीतलनं सिगारेट आधी गच्चीवर नेली.
मॅडम म्हणाल्या, गच्चीवरूनही नको, धूर डोळ्यांना शोधत येतो.
तेव्हापासून तो बडीशेप खातो आणि चिडतो.

रविवारी आप्पांना सगळं सांगितलं.
ते बराच वेळ ताटाकडे बघत राहिले.
"कोण होता तो हात घालणारा?"
आपल्याच पेढीवरचा, आप्पा.
"मग काढून टाक त्याला."
काढता येत नाही. गोळीनं माल कमी बनतो,
हात त्यानं धरलेलाच आहे.

त्यांनी खांद्यावरचा पंचा ओढला,
माझ्या हातावर टाकला, आत हात घातला
आणि काहीतरी दाबलं.
करंगळी असावी.
त्यांचा हात वयानं थरथरत होता, माझा थायरॉइडनं.
आकडा काही लागला नाही.