कडेवर

खडेबाजारात माझं दुकान. देव, वधूवर,
वारलेले आणि पास झालेले,
चौघांनाही मी एकाच काचेखाली ठेवतो.

मार्चात कुद्रेमानीहून तुळसव्वा पावशे आली,
मागे थोरला भैरू, काखेत बुटाचं खोकं.
खोक्यात हवालदार लुमाण्णा पावशे:
चार पदकं, पाच रिबनी,
डिस्चार्जचं पुस्तक, आणि घडीवर फाटलेली
तीन सर्टिफिकेटं, डांबरगोळीच्या वासाची.

भैरू म्हणाला, पट्टी सोनेरी, आतून लाइट,
आणि ही आधी चिंचेनं लख्ख करा.
मी म्हटलं, भांडी नाहीत ती.
घासली की आधी अक्षरंच जातात.

"कसली अक्षरं?"
पन्नास वर्षं ट्रंक तिच्या उशाशी, आणि हे तिला ठाऊक नव्हतं.
मी एक पदक ट्यूबलाइटखाली आडवं धरलं.
नाण्याला जिथं दाते असतात तिथं, कडेवर,
मुंगीच्या पावलांएवढं कोरलेलं:
नंबर, हुद्दा, नाव, पलटण.
तिला वाचता येत नाही. तिनं नखानं वाचलं,
गोल फिरवत, निघाली तिथं परत येईपर्यंत.

कागदावर तो कुणी वेगळाच.
एका सर्टिफिकेटवर लुमना पवसे, दुसऱ्यावर लक्ष्मण,
रेशनकार्डावर कानडीत आणखी तिसरा.
या तिघांपायी तिची पेन्शन चौदा महिने अडली होती.
नंबर तेवढा सगळीकडे एकच.
तो तिनं न बघता म्हटला, मध्ये एकदाच श्वास घेऊन.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर,
"चारित्र्य: अनुकरणीय."
म्हणजे काय वो?
म्हटलं, बाकीच्यांनी बघून तसं वागावं, असं.
ती एवढी हसली की समोरचा चहावाला डोकावला.
"मीठ कमी पडलं तर ताट उंबऱ्याभाईर जायचं की!"
मग पदर ओठाला लावून:
"लिवलं असंल. असू दे."

मधोमध काय, यावरून मायलेकांचं वाजलं.
भैरूला लढाईचं हवं होतं.
तिला क्रॉसकंट्री, तिसरा नंबर.
"लढाईचं मला कधी सांगितलं न्हाई.
हे पळालेलं दर दिवाळीला सांगायचे,
पुढच्या दोघांची नावं घेऊन."

एक रिबन रिकामी होती.
भैरूनं खोक्यात बघत सांगितलं:
सात वर्षांचा असताना ते पदक त्यानं
रेडकाच्या गळ्यात बांधलं.
रेडकू गायरानातनं आलं ते नुसती दोरी घेऊन.
बाप बोलला नाही. चार संध्याकाळी
गायरानात खाली मान घालून हिंडला, एवढंच.
"कॅम्पात मिळतं तसलं नवं," भैरू म्हणाला.
"मिळतं," मी म्हटलं. "कड कोरी असते."
"मग नक्को," म्हातारी म्हणाली. "ते कुणाचं बी असंल."

मी क्रम लावला, छातीच्या मध्यापासून दंडाकडे,
मोठा मान मध्याजवळ,
कधीतरी एका सुभेदारानं शिकवला होता तसा.
तिसऱ्या जागी नुसती रिबन टाचली,
खाली मखमल मोकळी.
काच ठोकली नाही. बिजागरी लावली, पितळी कडी,
एक बोट आत जाईल एवढं दार.
लाइट नाही बसवला. भैरू दोन दिवस फोनवर रागावला होता.

न्यायला ती एकटी आली.
जुन्या लुगड्यात गुंडाळून फ्रेम कडेवर घेतली,
रडक्या पोराला घेतात तशी, एक खांदा वर काढून,
आणि बसस्टँडकडे गेली.

बाईला आता बसचं तिकीट पडत नाही,
पण कंडक्टरनं फ्रेमचं लगेज फाडलं.
ते चिटोरं पुढच्या महिन्यात घेऊन आली,
हे बी आत बसंल काय, विचारायला.
बेळगाव ते कुद्रेमानी, एक नग.
अक्षरांवरून नख फिरवत होती.
मी घेतलं, मापाचा पुठ्ठा कापला.
मशीनचा कागद तो, पावसाळ्याआत कोरा होईल,
हे तिला सांगितलं नाही.