दाब

रेवती चार महिन्यांची झाली
तरी मान डावीकडेच.
डावा गाल आम्हाला फक्त आंघोळीला दिसायचा,
आणि डोक्याची ती बाजू चपटत चाललेली,
घाईत थापलेल्या भाकरीसारखी.

वैजूची मावशी कराडहून फोनवर म्हणायची,
तिथं आंघोळ घालणारी बाई नाही का गं मिळत?
खसखशीची उशी तरी कर.
खसखस इथल्या विमानतळावर म्हणजे तुरुंग, मावशी.
मग मोहरीची केली.
रात्रभर मोहरी सळसळायची
आणि सकाळी मान डावीकडे.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी
मांड्या फिरवून पाहिल्या, डोळ्यांत बॅटरी मारली,
उशी काढून टाका म्हणाले,
स्नायू आखडलाय, हा व्यायाम द्या, घाबरू नका.
वैजू व्यायाम द्यायची
आणि दोघीही रडायच्या.

मग शिफ्टमधला रोडेल म्हणाला, महबूलाला एक बाई आहे.
हाडं बसवते. लहान मुलांचीसुद्धा.

हाडं बसवणं मला माहीत होतं ते
तालमीतल्या वस्तादाचं. गुडघा पाठीत, आणि कट्ट.
रिफायनरीत मी नट आवळतो तो पान्यावर आकडा लावून,
ठरला दाब आला की पाना टिचकी देतो.
टिचकीवर माझा विश्वास आहे.
पण ही मान, माझ्या मनगटाहून बारीक.

डॉक्टर नादिन. नखं मुळापर्यंत कापलेली.
मी दारातच विचारलं, दाब किती देणार?
आकड्यात सांगा.
ती हसली नाही. म्हणाली, डोळे मिटा.
आणि माझ्या मिटल्या पापणीवर
एक बोट ठेवलं.
एवढा.

अडतीस वर्षांत माझ्या पापणीला
कुणी हात लावल्याचं आठवत नाही.

रेवती टेबलावर, वैजूचा हात तिच्या पोटावर.
मी टिचकीची वाट बघत राहिलो.
आलीच नाही.
मानेवर टेकलेलं बोट, एसीची घरघर,
शेवटी रेवतीची एक जांभई.
पंचवीस दिनार.

निघताना बाईंनी विचारलं,
घरी खाटेच्या डाव्या हाताला काय आहे?
खिडकी.
खिडकीतून काय दिसतं?
काही नाही. समोरच्या इमारती, पाण्याच्या टाक्या.

त्या रात्री सुट्टी होती.
खाटेशी गुडघे टेकले,
डोकं तिच्या डोक्याशेजारी गादीवर ठेवलं.
दोन इमारतींच्या फटीत
आमच्याच प्लांटची ज्योत,
वारा येईल तशी वाकणारी,
आणि छतावर तिचा तांबूस उजेड, हलता.
रात्रपाळीला मी तिच्या पायथ्याशी असतो
आणि मान वर करून बघत नाही,
ती केवढी आहे ते पडद्यावर आकड्यात कळतं.
इकडे चार महिने कुणीतरी
पापणी न लववता तिच्यावर लक्ष ठेवून.

खाट फिरवली. पाय तिकडे, डोकं इकडे.
दोन रात्री भिंतीकडे तोंड करून तिचा थयथयाट.
पोरीचा टीव्ही बंद केलास, वैजू म्हणाली.

महबूलाला अजून दोनदा गेलो. व्यायाम चालूच.
अकराव्या दिवशी दुपारी
कुकरची तिसरी शिट्टी झाली
आणि रेवतीनं मान फिरवली.
उजवीकडे. पुरती.
डावा गाल वर आला,
त्यावर चादरीच्या शिवणीचा वळ.

बोटानं झालं, की खाटेनं, की व्यायामानं,
की नुसतेच दिवस गेले म्हणून,
मला सांगता येत नाही.
दोन व्हॉल्व एकदम फिरवू नयेत,
कशानं फरक पडला ते मग कळत नाही,
हे नव्या पोरांना मीच शिकवतो.
आम्ही तर सापडतील ते सगळे फिरवले होते.

वैजू बाथरूममधून ओरडली, गॅस बंद कर.
मी केला नाही.
चौथी होऊ दिली.