मादी अज्ञात

चिय गवताच्या काडीवर, काडीच्याच रंगाचा,
तांदळाच्या कणीएवढा तुडतुडा.
आपल्याकडे निदान शिव्या तरी खातो, भातावर, मोहरावर.
इथे नारिनच्या खोऱ्यात
तो कुणाचं काही बिघडवत नाही,
म्हणून कुणाच्या खिजगणतीत नाही.

बिश्केकला, तिसऱ्या मजल्यावर, कपाट नऊ, खण चार:
सात टाचण्या. सातही नर.
चौतीस साली एकाने बारसं केलं,
सत्तावन्नला दुसऱ्याने उचलून भलत्याच प्रजातीत घातलं,
तिसऱ्याने परत आणलं,
नावामागे प्रश्नचिन्ह लावून.
जात नाही ती जात, म्हणतो आपण.
ह्याची तीनदा गेली,
खणातल्या खणात.

ओळख पटते पोटाच्या टोकाशी.
टोक कापायचं, कॉस्टिकमध्ये उकळायचं,
उरतो केसाहून बारीक आकडा:
डावीकडे वळला तर हा,
उजवीकडे वळला तर ह्याचा चुलतभाऊ.
आकडा फक्त नराला.
म्हणून नोंदवहीत मादीसमोर
नव्वद वर्षं तोच एक शब्द.

आणि नकाशावर तीन ठिपके.
मीरगुल, कपाटाच्या किल्ल्या जिच्याकडे, ती म्हणाली,
हा किड्याचा आढळ नाही, माणसांचा आहे.
इथे ट्रक बंद पडला.
इथे मोहिमेचा आचारी तापाने फणफणला.
आणि हे रेल्वेचं शेवटचं स्टेशन.

ऑगस्टअखेर आम्ही बुरुलच्या अंगणात.
ती चियच्या काड्यांना लोकर गुंडाळत होती, पडदा विणायला.
जुडी जमिनीवर आपटली,
तुड तुड तुड,
अंगणभर.
मीरगुलची जाळी पिशवीतच राहिली.

ह्या थोराड, पिवळट, ह्यांच्या पोटाला करवत असते, बुरुल म्हणाली.
काडीला चीर देतात, आत अंडी ठेवतात.
चिरेत लोकर अडकते. अशी काडी मी घेत नाही.
कधीपासून?
सासू घेत नव्हती तेव्हापासून.
कुठवर असतात ह्या?
तिने हात वर केला, खिंडीकडे, मग खिंडीपलीकडे,
मग हात खाली आणून पुन्हा लोकर धरली.
चिय जिथवर, तिथवर.

चिरलेल्या काड्यांचा ढीग चुलीशेजारी होता.
मीरगुल गुडघ्यांवर बसली, एकेक उजेडात धरू लागली,
नखाने चिरा चाचपत.
ने की हव्या तेवढ्या, बुरुल म्हणाली.

आणि गेल्या वर्षीच्या?

त्यांचा चहा झाला.