फितीचं दुसरं टोक

घुमट मोजायला दोन माणसं लागतात.
एक आकडा वाचून वहीत उतरवणारं,
आणि एक समोरच्या भिंतीशी
फितीचं दुसरं टोक धरून उभं.
ते मी. मुशेघ. तेव्हा तेरा वर्षांचा,
रोजी दीड रूबल, वर दुपारची भाकर-चीज.

अरागात्सच्या उतारावर आमचं चर्च,
गुलाबी टफ दगडाचं, एवढंसं.
आत मेंढ्या बसत.

वसंतात येरेवानहून ह्रिप्सिमेबाई आल्या.
शिडी चढल्या, उत्तर-दक्षिण मोजलं:
सात मीटर बत्तीस.
सांध्यावरून नख फिरवत म्हणाल्या,
चुना एक, हात एक.
सातव्या शतकातलं. एका दमात उभं राहिलेलं.
फीत आमच्याकडेच ठेवून गेल्या,
पुन्हा येईन म्हणाल्या.

पानगळीत स्मबात आले, त्यांचेच सहाध्यायी.
त्यांनी पूर्व-पश्चिम मोजलं:
सात मीटर बेचाळीस.
फीत तीच.

त्या दहा सेंटिमीटरांतून
त्यांनी अख्खा भूकंप उभा केला.
घुमट कोसळला, म्हणाले,
तीनशे वर्षांनी कुणी घाईत पुन्हा बांधला,
म्हणून तो गोल नाही, लांबट आहे.
पुरावा म्हणून एक दगड दाखवला,
त्यावर गवंड्याचं अक्षर उलटं कोरलेलं:
बघा, पडलेला दगड उचलून लावलाय.
बाईंनी लिहिलं, गवंडी निरक्षर होता.
त्यांनी लिहिलं, निरक्षर कोण ते वाचक ठरवतील.

एकतीस वर्षं.
तिबिलिसीच्या सभेत म्हणे ते एकमेकांकडे पाठ करून जेवले.
विद्यार्थी दोन तटांत वाटले गेले,
गोलवाले आणि लांबटवाले,
लग्नंसुद्धा आपापल्या तटात झाली.
मी मेंढ्या राखल्या, पुढे शाळेचा शिपाई झालो.
पाहुणे आले की उलटं अक्षर दाखवायचो
आणि गप्प राहायचो.

गेल्या हिवाळ्यात स्मबात वारले.
बर्फ वितळल्यावर बाई आल्या,
हातात काठी, खिशात लाल ठिपका पाडणारं यंत्र.
आता टोक धरायला कुणी नको होतं.
म्हणून असेल, पण मी बोललो.

बाई, तुम्ही गेलात त्या उन्हाळ्यात
वासराने फीत चघळली.
पहिले दहा सेंटिमीटर गेले.
रोजी कापतील म्हणून मी तुटक्या जागेवर अंगठा ठेवला
आणि ओरडलो, धरलंय!

त्या पायरीवर बसल्या.
काठीने मातीत एक रेघ ओढली, वीतभरही नाही,
आणि तिच्याकडे बघत राहिल्या
एखाद्या वस्तूसंग्रहालयात बघावं तसं.
मग विचारलं, कोणता अंगठा?
मी उजवा दाखवला.
त्यांनी तो हातात धरून नीट पाहिला.
रागावल्या नाहीत. मला रागावणं सोपं गेलं असतं.

मग यंत्र लावलं.
उत्तर-दक्षिण सात बत्तीस.
पूर्व-पश्चिम सात चौतीस.
पुन्हा लावलं. चौतीसच.

दोन सेंटिमीटर उरतात, मी म्हणालो.
उरतात, त्या म्हणाल्या,
ते स्मबातचे.
आणि उलट्या अक्षराखाली जाऊन
मान दुखेपर्यंत वर बघत राहिल्या.

शरद ऋतूत लेख आला टपालाने.
तळटीप सत्तेचाळीस:
मापातील फरक मोजपट्टीच्या झिजेमुळे;
झीज वासरामुळे; सांगणारा मुशेघ,
त्या वेळी वय तेरा.
आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव छापून आलं.
बायकोने ते कापून आरशाच्या चौकटीत खोचलं.

वासराचं नाव त्यांनी विचारलं होतं.
मला आठवलं नाही.
टिपेत तिथे त्यांनी
जागा कोरी सोडली आहे.